गाडीच्या दाराचा स्पीकर बंद पडलाय? नवीन घ्यायच्या आधी एवढं बघा

आपल्याकडे कोकणात दारातला स्पीकर खरखरायला लागला की बरेच जण सरळ दुकानात जाऊन नवीन जोडी बसवून येतात आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच रडगाणं. कारण बऱ्याचदा स्पीकर गेलेलाच नसतो, गेलेली असते वायर नाहीतर कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग), आणि त्याच्या मुळाशी असतं दारात साचलेलं पाणी आणि खारा वारा. ते तसंच ठेवून कितीही महागडा स्पीकर लावा, पैसे पाण्यात. म्हणून आधी शोध, मग खरेदी, आणि हा शोध घरच्या अंगणात आरामात घेता येतो, एक साधा डिजिटल मीटर, स्क्रूड्रायव्हर आणि घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल एवढ्यावर.

अर्धं काम तर सीटवर बसूनच होतं. स्टिरिओच्या सेटिंगमधे बॅलन्स (डावीकडे-उजवीकडे) आणि फेडर (पुढे-मागे) असतात, ते फिरवून आवाज फक्त त्या एका दारात पाठवा, बारीक ठेवा आणि दार हळूहळू उघडबंद करा. दार हलवताना आवाज येतो-जातो म्हणजे वायर दार आणि बॉडीच्या मधेच तुटलीय, ही खूण सहसा चुकत नाही. दार हलवून काही फरक नाही पण पखवाज वाजला की भर्र करतंय, तर कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) फाटलाय किंवा कॉइल (त्यामागचं तारेचं वेटोळं) घासतेय, किंवा नुसती पॅनलची, म्हणजे दाराच्या आतल्या कव्हरची, क्लिप सुटलीय, पॅनल हाताने दाबून धरा, भर्र थांबलं तर स्पीकर ठणठणीत आहे. आणि पावसात बंद, ऊन पडून दार तापलं की सुरू, असं असेल तर कपलरमधे ओल आणि गंज आहे असं धरूनच चाला. सगळेच स्पीकर गप्प असतील तर मात्र दारं उघडत बसू नका, फ्यूज आणि स्टिरिओ बघा.

आता बूट. बिजागरीजवळ दार आणि बॉडीच्या मधे काळ्या रबराची घड्याघड्यांची नळी असते ना, तीच. दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा आतल्या वायरी त्याच जागी वाकतात, आणि ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं. वरून कव्हर अखंड दिसतं पण आतलं तांबं तुटलेलं असतं. बूटचं एक टोक बोटाने दाबत सोडवा आणि एकेक वायर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणा. धड वायर लांबत नाही, तुटलेली वायर त्या जागी रबरासारखी लांबते आणि बोटाला पोकळ लागते. ब्लेडने कव्हर उघडलंत तर कधी कधी आत तारेऐवजी हिरवट पूडच मिळते, किनाऱ्यावर राहणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं. याच बूटमधून पावर विंडो आणि सेंट्रल लॉकच्या वायरी जातात, त्यामुळे स्पीकरबरोबर काचही अडखळत असेल तर बूटच आधी उघडा. काही गाड्यांत नळीच्या बॉडीकडच्या टोकाला मोठा कपलर असतो, तो काढून पिना बघा.

बूट ठीक निघाला तर पॅनल काढावं लागतं. काच पूर्ण वर घ्या, इग्निशन बंद करा, बॅटरीची मायनस सोडा आणि थोडा वेळ थांबा, साइड एअरबॅगवाली गाडी असेल तर हे टाळू नकाच, आणि पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला हात नाही आणि मीटर तर अजिबातच नाही. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. स्क्रू आतल्या हँडलच्या मागे आणि हात ठेवायच्या खोबणीत छोट्या झाकणाखाली लपलेले असतात. ते निघाले की पॅनल खालच्या कडेपासून प्लास्टिकच्या पट्टीने उचकटत या, क्लिपा फटफट सुटतात. जुन्या क्लिपा कडक होऊन मोडतात म्हणून चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा. पॅनल झटक्यात ओढू नका, मागे स्विचचे कपलर आणि हँडलची केबल अडकलेली असते.

आता स्पीकरचा कपलर काढा आणि मीटर २०० ओहमवर लावा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो लक्षात ठेवा, तो नंतर वजा करायचा. ४ ओहमचा धड स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच रीडिंग नाही म्हणजे कॉइल उडाली, शून्याच्या जवळ म्हणजे आत शॉर्ट. मग पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, टक्क आवाज येऊन कोन हलला पाहिजे, प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. शेवटी दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारखा दाबून आत-बाहेर करा, खसखस ऐकू आली तर कॉइल मॅग्नेटला घासतेय, असा स्पीकर बदललेलाच बरा. ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) वेगळा असेल तर त्याच्यासोबत कपॅसिटर असतो, तो मीटरचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, अडवतो, म्हणून मीटरवर फक्त मोठा स्पीकरच दिसतो, गोंधळू नका.

स्पीकर चांगला निघाला तर वायर तपासायची. स्टिरिओच्या मागचा कपलर काढून त्या स्पीकरच्या दोन वायरी शोधा. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत साधारण पुढचा डावा पांढरी, पुढचा उजवा करडी, मागचा डावा हिरवी, मागचा उजवा जांभळी, आणि काळी पट्टी असलेली ती मायनस, पण कंपनीच्या वायरिंगचे रंग गाडीगणिक वेगळे. दोन्ही टोकं सुटी असताना एकेक वायर इकडून तिकडे मोजा आणि मग प्रत्येक वायर बॉडीशी मोजा, बॉडीशी काहीही रीडिंग येता कामा नये. हे महत्त्वाचं आहे कारण आताच्या बहुतेक स्टिरिओत स्पीकरची मायनस म्हणजे गाडीची अर्थिंग (बॉडी) नव्हे, दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मे, सुमारे ६ व्होल्ट असतात, त्यातली एक पत्र्याला टेकली तर आतला ॲम्प्लिफायर जाऊ शकतो. म्हणून चालू स्टिरिओवर वायर पत्र्याला घासून ‘करंट बघणे’ हा प्रकार कुणी कितीही सवयीने करत असला तरी तुमच्या गाडीवर करू देऊ नका. आणि स्टिरिओ जोडलेला असताना त्या वायरींना सेल लावू नका.

जोड करताना काळवंडलेलं तांबं कापत मागे जा, लखलखीत तार दिसेपर्यंत, काळ्या तारेवर सोल्डर धरतच नाही. बूटच्या आत जोड ठेवू नका, सोल्डरची जागा ताठ होते आणि वाकून वाकून तिच्या कडेलाच परत तुटते, त्यापेक्षा बारीक तारांची नवीन वायर घेऊन एक जोड दारात आणि दुसरा बॉडीत आतल्या बाजूला काढा. वर गोंदवाली श्रिंक स्लीव्ह तापवून बसवा, नुसती टेप आपल्या हवेत चिकट होऊन सुटते. कपलरच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, वाळू द्या, मग डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट लावा.

आता पाण्याकडे या, कारण दारात पाणी शिरणारच, काचेच्या रबरातून ते खाली उतरतं आणि दाराच्या खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं, दार बनवलेलंच तसं असतं. ती भोकं तांबड्या मातीने बुजतात, सुरूच्या बनात गाडी लावत असाल तर सुयांनी. काडीने मोकळी करा, काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि खालून धार पडते का बघा. पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर नवीन कापून लावा, काळा ब्युटाइल टेप सगळीकडून दाबा, खालची कड पत्र्याच्या आतल्या बाजूला जाईल अशी, म्हणजे पाणी परत दारातच पडेल. स्पीकर बसवणाऱ्या माणसाला हा कागद नकोसा वाटतो आणि तो फाडून टाकला जातो, मग पाणी थेट स्पीकरच्या मागे. हे काम आगोटीच्या आधी, मे महिन्यात करून घ्या, जुलैमधे अंगणात दार उघडून बसता येत नाही.

पॅनल पूर्ण ठोकायच्या आधी बॅटरी जोडून स्पीकर वाजवून बघा, काच आणि लॉकही. नवीन वायर टाकली असेल तर बॅलन्स मधोमध ठेवून ऐका, ढोलाचा ठोका पातळ आणि पोकळ वाटत असेल तर त्या एका स्पीकरच्या प्लस-मायनस उलट्या झाल्यात, दोन वायरी अदलाबदल करा आणि मगच क्लिपा दाबा.