माळरानाच्या ऋतुचक्राच्या नोंदी ठेवताय? या चुका टाळा

दर मे महिन्यात कुणी ना कुणी मला एखाद्या माळाचा फोटो पाठवतं. करडी जमीन, वर आलेला मुरूम, कडेला एखादं हिवराचं झाड. खाली एकच प्रश्न: "इथे काही करता येईल का?" करण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे दिवाळीपर्यंत गप्प बसणं. पण हे उत्तर कुणालाच आवडत नाही.

पुण्याच्या पूर्वेकडच्या बारामती, दौंड, इंदापूर, करमाळा, कर्जत या पट्ट्यातल्या माळांवर कोणती वनस्पती वर्षभरात कधी काय करते, याच्या नोंदी करायला हल्ली बरीच तरुण मंडळी येतात. यावीतच. कालव्याचं पाणी आलं की माळाचा ऊस होतो, रस्ता आला की प्लॉटिंग होतं, सौर प्रकल्पालाही माळच सोयीचा पडतो. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही, सुप्याजवळचं मयूरेश्वर पाचाच्या आसपास. बाकीचं गवत उघड्यावर, सरकारी कागदावर बहुधा 'पडीक' म्हणून. अशा जमिनीबद्दल तुमच्या वहीत काय लिहिलंय, याला कधीकधी भलतंच वजन येतं. म्हणून त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

तारखेवरून ऋतू ठरवणं

वहीत तक्ता आधीच आखलेला असतो. जून: अंकुर. जुलै: वाढ. सप्टेंबर: फुलोरा. ऑक्टोबर: बी. मग माळावर जे दिसेल ते त्या चौकटीत कोंबायचं.

या भागात वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, आणि तोही तुटक. मृगात थोडा पडतो, मग जुलै-ऑगस्टमध्ये नुसता वारा सुटतो, ढग डोक्यावरून पळत राहतात. खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा, परतीचा. घाटमाथ्यावर जुलै हा पावसाचा महिना असेल, इथे बहुतेक वर्षी तो मान सप्टेंबरचा. पुण्याहून येणाऱ्याला हे माहीत असतं, पटलेलं नसतं.

त्यात माळावरच्या सगळ्या वनस्पती एकाच पावसाकडे डोळे लावून बसलेल्या नसतात. कोळकांदा तर पावसाची वाटच बघत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात, पानाचा पत्ता नसताना, जमिनीतून नुसता फुलांचा दांडा वर येतो, पानं मागाहून पावसात. मुसळीची पांढरी फुलं पहिल्या सरींनंतर थोड्याच दिवसांत दिसतात. मुरमाच्या पातळ थरावरची बोटभर उंचीची वर्षायू गवतं मृगाच्या ओलीवर उगवतात आणि पावसात खंड पडायच्या आत बी टाकून मोकळी होतात. पवना, मारवेल, डोंगरी ही मोठी गवतं बहुवर्षायू. खंड पडला की पानं करपवून ठोंबात जीव धरून बसतात, परतीच्या पावसावर पुन्हा हिरवी होतात आणि मग फुलोऱ्यावर येतात. कुसळीची गोष्ट आणखी वेगळी. ती दिवस लहान व्हायला लागल्याची खूण धरून फुलते. त्यामुळे पाऊस पंधरा दिवस आधी आला म्हणून कुसळीही पंधरा दिवस आधी फुलेल, असं होत नाही. बोर आणि हिवर पावसाळ्यात फुलतात, बोरं संक्रांतीच्या सुगडात. नेपतीला लाल फुलं येतात ती उन्हाळा लागताना, बिनपानांच्या काटक्यांवर.

हे सगळं 'सप्टेंबर: फुलोरा' एवढ्यात कसं बसणार?

मी वहीत तारखेच्या शेजारी नक्षत्र लिहितो, आणि त्याच्या शेजारी 'शेवटचा चांगला पाऊस होऊन किती दिवस झाले' हे. चांगला पाऊस म्हणजे खुरप्याने उकरल्यावर वीतभर खोल ओल लागली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणचा पावसाचा आकडा मी विचारतही नाही. एका शिवारात पडतो आणि ओढ्यापलीकडे धूळ उडत असते. यावर मोबाइलमधलं हवामान दाखवणारे मला भेटतात. दाखवू देत.

आता या चुकीची किंमत काय असते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका माळावर हौशी मुलामुलींचा गट नोंदी करत होता. जून-जुलैभर उत्साह दांडगा. ऑगस्टमध्ये मोठा खंड पडला. महिनाअखेरीला सगळा माळ करडा झाला. गटाने वहीत लिहिलं, 'गवत मेलं. जमीन निकृष्ट.' त्यांचं कॉलेज सुरू होतं, वेळापत्रक संपलं होतं, त्यामुळे पुढची फेरी झालीच नाही. नोंदींचा अहवाल झाला, अहवाल फिरत फिरत एका संस्थेच्या हाती लागला. वर्ष संपायच्या आत निधी खर्च करायला त्यांना जागा हवीच होती. गणपती उठले आणि माळावर जेसीबी आला. सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे लांबलचक खड्डे, खणायला सुरुवात झाली.

तिथे मेंढरं घेऊन बसलेले एक धनगर आजोबा संस्थेच्या साहेबांना म्हणाले, "आवं, हस्त पडू द्या की. आत्ता काय बघताय?" साहेब हसले. जेसीबीचं भाडं तासावर असतं, हस्ताची वाट बघायला कुणाला परवडतंय!

हस्त पडला, चांगला पडला. चरांच्या मधले जे पट्टे शाबूत राहिले होते, तिथे पवना गुडघ्याएवढा झाला आणि दसरा होईपर्यंत फुलोऱ्यावर आला. उकरलेल्या मातीच्या वरंब्यांवर मात्र पहिल्यांदा उगवलं ते गाजरगवत, पुढच्या वर्षी घाणेरी. पवन्याचे जुने ठोंब उलटे होऊन उन्हात वाळले. चरात लावलेल्या रोपांतली बरीच पहिल्याच उन्हाळ्यात गेली, जगली ती बहुतेक गिरिपुष्पाची, म्हणजे बाहेरून आणलेल्या झाडाची. त्या चरांच्या रेघा आजही लांबून ओळखू येतात.

मुलांना मी दोष देत नाही. दिसलं ते त्यांनी लिहिलं. पण 'वाळलं' आणि 'मेलं' या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि त्यांतला फरक कळायला अर्धा मिनिट लागतो. ठोंबाच्या बुडाशी जा, वाळलेली पानं बाजूला करा, एक काडी नखाने सोला. आत पांढरट-हिरवं आणि ओलसर असेल तर गवत जिवंत आहे. फुफाट्यासारखं कोरडं निघालं, तरी दुसरे दहा ठोंब तपासल्याशिवाय आणि परतीचा पाऊस बघितल्याशिवाय 'मेलं' लिहायचं नाही.

हिरव्याला भुलणं

भर उन्हाळ्यात माळावर दाट हिरवं काही दिसलं तर आनंद मानण्याआधी जवळ जाऊन बघा, बहुतेक वेळा वेडी बाभूळ निघते, तीही बाहेरून आलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या टेकड्यांवर पिवळ्या-नारिंगी फुलांचे गालिचे दिसतात आणि लोक त्यात बसून फोटो काढतात. तो कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा. 'रानफुलांचा बहर' म्हणून त्याची नोंद करणारे दर वर्षी भेटतात. नोंद जरूर करा, पण उपऱ्यांच्या पानावर.

फुलोऱ्याआधी गवताला नाव देणं

जुलैमध्ये वीतभर पात्याचा फोटो काढायचा, ॲपला विचारायचं आणि ॲप जे म्हणेल ते छातीठोक लिहायचं. ओंबी आल्याशिवाय गवत ओळखणं भल्याभल्यांना अवघड जातं. मारवेल त्यातल्या त्यात दयाळू, पेरावर पांढऱ्या केसांचं कडं दाखवून ओळख देतो. बाकीच्यांसाठी थांबा. मी ठोंबाशेजारी गेरूने रंगवलेला दगड ठेवतो, वहीत 'अनोळखी' आणि आकडा लिहितो, आणि ओंबी आली की परत येतो. फोटो काढायचेच तर बुडाचा, पेराचा, पान खोडाला बिलगतं तिथल्या पापुद्र्याचा आणि ओंबीचा काढा. वाऱ्यावर डुलणाऱ्या गवतामागे मावळणारा सूर्य मला पाठवू नका.

या चुका ओळीभरातच

खुणेला रंगीत रिबन बांधू नका, शेळ्या खातात.

ऑक्टोबरनंतर माळावर सँडल घालून येऊ नका. कुसळं मोजे, पँट आणि कातडी यांत भेद करत नाहीत.

ओळख पटवायला कंद उपटू नका. खर्पुडीचा वेल एकदा उपटला की त्या जागची पुढच्या सगळ्या वर्षांची नोंद संपली.

दर खेपेला वेगळे ठोंब बघू नका. तेच ते बघा, कंटाळा आला तरी.

हिवाळ्यात गवत वाळलं म्हणून वही मिटू नका. उभं वाळलेलं गवतही माळाच्या वर्षात मोडतं. उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी रात्री त्याच गवतात, जमिनीवर मुक्काम करतात.

'जाळलं की चांगलं फुटतं'

हे मी गावात ऐकतो आणि शहरातून शिकून आलेल्यांकडूनही ऐकतो. फुटतं, खरं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळलं की थोडे कोवळे कोंब येतात आणि गुरांना चार दिवस खायला मिळतं. पण दर वर्षी जाळत गेलात तर त्या माळावर कुसळीचं फावतं, कारण आगीला ती इतरांपेक्षा चांगली पुरून उरते. मेंढरांच्या लोकरीत, कातडीत, डोळ्यांत घुसणारं गवत वाढवायचं असेल तर खुशाल जाळा. वन खातं जाळरेषा काढतं ते आग पसरू नये म्हणून, त्याचं उदाहरण इथे देऊ नका. जळलेल्या माळावर नोंद करत असाल तर आगीची तारीख आधी लिहा. नाहीतर मार्चमधल्या त्या पालवीला तुम्ही हवामान बदलाचा पुरावा ठरवाल. असं करणारे मी पाहिले आहेत.

बी हिरवं तोडणं आणि लगेच पेरणं

नोंदी करता करता पुष्कळांना गवत लावायची हुक्की येते. झाडं लावण्यापेक्षा ती हजारपट बरी. पण घाई तीच. फुलोरा दिसला की ओंब्या ओरबाडायच्या, नोव्हेंबरात पेरायच्या आणि उगवलं नाही म्हणून मला फोन करायचा.

ओंबीवर हलका हात फिरवल्यावर बी आपसूक हातात आलं तरच ते पिकलेलं. ओढावं लागलं तर राहू द्या. कुसळीसारख्या गवताचं ताजं बी काही महिने झोपलेलं असतं, ते उन्हाळा काढल्याशिवाय उगवत नाही. मी बी कापडी पिशवीत भरून पत्र्याच्या शेडमध्ये टांगतो आणि मेअखेरपर्यंत विसरतो. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी लागते. पेरायचं ते रोहिणीच्या शेवटाला किंवा मृगाच्या तोंडावर, दंताळ्याने जमीन जराशी ओरखडून. हे बी हलकं असतं, दोन बोटं खोल गाडलं तर वर येत नाही.

गवत कापायचा हक्क तुमच्याकडे असेल, तर चाऱ्याला ते फुलोऱ्यावर असतानाच उत्तम, कुसळी तर कुसळं टोचरी व्हायच्या आतच कापलेली बरी. पण मग बी पडणार कुठून? म्हणून दर वर्षी एक पट्टा न कापता ठेवायचा, पुढच्या वर्षी दुसरा. शेजारी नावं ठेवतात, ठेवू द्यायची.

बियाण्याचा धीर नसेल तर ठोंब लावा. मारवेलचे ठोंब जुलैत, ओल असताना, मुळासकट फोडून हातभर अंतरावर. खंड पडलाच तर एखादं पाणी द्या. आणि पहिलं वर्ष तिथे गुरं सोडू नका, स्वतःचीसुद्धा.