गॅसवर गाडी आणि इंजिन चालवताय? या चुका टाळा

गाडी पेट्रोलवर मस्त पळते आणि सीएनजीवर टाकली की गचके खाते. मग आपण थेट किटला दोष देतो. आधी स्पार्क प्लग काढून बघा. गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. प्लग झिजून गॅप वाढला तरी पेट्रोलवर निभावतं, गॅसवर नाही. त्यानंतर एअर फिल्टर. सोलापूरच्या धुळीत तो लवकर तुंबतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं.

गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. आतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

मे महिन्यात भर दुपारी गॅस कमी बसतो. पंपवाल्याशी भांडू नका. भरणं 200 बारला थांबतं, आणि तापलेला गॅस कमी वजनातच तेवढा दाब दाखवतो. पहाटे भरा.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, दर 3 वर्षांनी करायचीच, तिथे चालढकल नको. वास आला तर साबणाचा फेस लावून गळती शोधा, काडी ओढून कधीच नाही.

शेतावरच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. मोहोळजवळच्या आमच्या मळ्यात डिझेल पंपाला गोबर गॅसची नळी सरळ जोडली होती. नुसत्या गॅसवर डिझेल इंजिन चालत नाही, कारण दाबाने मिथेन पेटत नाही; पेटवायला थोडं डिझेल लागतंच. ते आम्हाला ठाऊक होतं. वासाकडे मात्र दुर्लक्ष केलं. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. त्याने ऑइल काळं केलं, बुश खाल्ले, आणि ऐन पाण्याच्या पाळीला इंजिन बसलं. उसाचं ते नुकसान अजून जिवाला लागतं.

आता गॅस आधी पाणी साचवणाऱ्या बाटलीतून आणि मग गंजलेल्या लोखंडी किसाच्या डब्यातून जातो. तो गंज हायड्रोजन सल्फाइड धरून ठेवतो. लेथवर हा कीस सहज मिळतो. ऑइलही आम्ही लवकर बदलतो.

हाच गॅस गाडीत भरायचा विचार मनातून काढा. त्यात मिथेन साधारण 55 ते 65 टक्के असतो. गाडीच्या बायोगॅसला किमान 90 टक्के लागतो. साखर कारखान्याच्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून, बनणारा गॅसही शुद्ध करून, दाबूनच विकतात.

डब्यातला कीस काळा पडला की बाहेर काढून पसरा, हवेने तो पुन्हा तांबूस होतो. पण तसं होताना तो तापतो, पेटूही शकतो. म्हणून आधी पाणी मारा आणि कडब्याच्या गंजीपासून लांब पसरा.