चाळिशीत तबला शिकायला बसताना

वयाच्या ४१व्या वर्षी मी तबल्याच्या क्लासला जायला लागले. शेजारी पाचवीतली मुलं असायची. त्यांचा ‘तिरकिट’ हा बोल साफ यायचा, माझा अडखळायचा. तासभर मांडी घालून बसायची सवय पाय आपोआप लावून घेतात, त्याची काळजी करू नका. खरं दुखणं कानाचं आहे. लहानपणापासून सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या मांडवात बसलेला माझा कान चाळीस वर्षांचा होता आणि हात तीन महिन्यांचा. हातातून निघणारं कानाला सोसत नाही, मग माणूस लय वाढवतो.

मी फसले ती इथेच, म्हणून सविस्तर सांगते. ‘धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना’ हा कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, तुम्हालाही लवकरच मिळेल. ठायीत, म्हणजे संथ लयीत, वाजवला की मधल्या बोटाचा ‘ति’ आणि तर्जनीचा ‘ट’ सारखे येत नाहीत, हे लगेच उघडं पडतं. दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, तेच बोल एकमेकांत मिसळतात आणि ‘जमलं’ असं वाटतं. मोबाइलवर लेहरा (तालाची साथ देणारी फिरती धून) लावून मी आठ महिने दुगुणीतच रियाज केला. तेव्हाचे शिक्षक म्हणायचे, ‘‘छान चाललंय, ताई.’’

पुढे दुसऱ्या सरांकडे गेले. त्यांनी तबला बाजूला ठेवायला लावला आणि तीनताल हाताने टाळी देत ठायीत म्हणायला सांगितला. १६ मात्रा, टाळी १, ५, १३ वर, खाली (जिथे टाळी न देता हात बाजूला करतात) ९ वर. सगळं पाठ होतं. तरी ‘धा तिं तिं ता, ता धिं धिं धा’ म्हणताना मी १४व्या मात्रेच्या आधीच ‘धिं’वर पोचले. दहाव्या मात्रेला डग्गा (डाव्या हाताचं घुमणारं वाद्य) बंद होतो आणि चौदाव्याला पुन्हा घुमतो, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. कायद्यातल्या ‘ताता’लाही माझा डग्गा उघडाच वाजत होता! ती सवय मोडायला चार महिने लागले. रडूही आलं.

म्हणून सांगते, रोज आधी दहा मिनिटं पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा. जे तोंडातून नीट येत नाही ते बोटांतून येणार नाही. ‘तीस दिवसांत तबला’वाल्या व्हिडिओंच्या वाटेला जाऊ नका. आणि मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला चूक दाखवायला संकोचणारा शिक्षक असेल, तर सरळ क्लास बदला. मी नव्या सरांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं, ‘‘मला अहो-जाहो करू नका, चुकले की तिथेच थांबवा.’’ ते तालाच्या पहिल्याच आवर्तनात, म्हणजे फेरीत, थांबवतात. अजूनही झोंबतं.

पण घाबरू नका. मुलांपेक्षा आपल्याला एक गोष्ट जास्त कळते: आपण का आलोय. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, म्हणजे सगळ्यात पहिली, परीक्षा जरूर द्या. तिथे ताल हातावर म्हणून दाखवावा लागतो, त्यामुळे पळवाट उरत नाही. मी त्या मुलांच्याच रांगेत बसून दिली, आता पुढच्या, प्रवेशिका प्रथम परीक्षेची तयारी चालू आहे.

परवा झपताल हा दुसरा ताल म्हणताना माझी खाली पुन्हा चुकली. शेजारच्या पाचवीतल्या मुलीने काही न बोलता माझ्यासाठी टाळी धरली, आणि मी पहिल्या मात्रेपासून परत सुरुवात केली.