‘आण्णा, तुम्हाला काय सांगायचं?’ म्हणालो आणि सात जॉब वाया गेले

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत डिप्लोमावाला पोरगा सुपरवायझर झाला की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. जुना फोरमन म्हणतो, "धाकात ठेव, नाहीतर डोक्यावर बसतील." पुण्यात एक दिवसाचं ट्रेनिंग करून आलेला कुणीतरी म्हणतो, "प्रत्येकाचा स्वभाव ओळख." मी दोन्ही ऐकले. पहिल्यानं वर्षभर कुणी माझ्याबरोबर चहा घेतला नाही. दुसऱ्यानं काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण ते अजून टोचतं.

हर्सी आणि ब्लँचर्ड या अभ्यासकांची, कुठल्या माणसाकडून काम कसं करून घ्यावं याची, १९६९ सालची मांडणी तुम्ही वाचली असेलच. नवख्याला स्पष्ट सांगा, जरा शिकलेल्याला पटवून द्या, जाणत्याला विचारात घ्या, तयार माणसावर सोपवा. मी ते चार चौकोन कागदावर काढले आणि पेन्सिलनं आमच्या बारा जणांची नावं त्यांत लिहून टाकली. आण्णा 'सोपवा'मध्ये, आयटीआयचं नवं पोरगं 'सांगा'मध्ये. झालं मॅनेजमेंट!

आण्णांची बावीस वर्षं लोखंड कातायच्या, हातानं चालवायच्या लेथवर गेलेली. कापताना निघणाऱ्या चिप्सचा रंग बघून टूल बोथट झालंय हे सांगणारा माणूस. सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर रजेवर गेला तेव्हा मी त्यांना त्या मशीनवर उभं केलं. "आण्णा, तुम्हाला काय सांगायचं?" असं म्हणून मी डिस्पॅचला निघून गेलो. मला वाटलं, मान दिला.

जॉबचं, म्हणजे मशीनवर कापायच्या भागाचं, बोअर (आतलं भोक) थोडं लहान येत होतं. ऑफसेटमध्ये, म्हणजे माप दुरुस्त करायला मशीनमध्ये भरायच्या आकड्यात, आधीच उणे ०.०६ होतं, त्यात ०.०२ मिळवायचे होते. 'प्लस इनपुट' दाबायचं ते आण्णांनी नुसतं 'इनपुट' दाबलं. जुना आकडा पुसला गेला, तिथं ०.०२ बसलं आणि बोअर हव्या मापापेक्षा ०.०६ मिलिमीटरनं मोठं झालं. बोअर मोठं झालं की संपलं, कापलेलं परत चिकटवता येत नाही. आण्णांनी मोजलं, चूक दिसली, पण ती बटणात आहे हे कळेना. त्यांनी इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलून बघितला, मग माप आणखीच हललं. शेजारच्या मशीनवर तेच आयटीआयचं पोरगं होतं आणि त्याला हे सगळं पाठ होतं. पण त्याला विचारायचं कसं? संध्याकाळी सात जॉब टेबलाखाली पोत्यानं झाकलेले सापडले.

मी आवाज चढवला. आण्णा खाली बघत म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणला न्हवं, तुम्हाला काय सांगायचं? मग इचारू कुणाला?"

चौकोन चुकीचे नव्हते. त्यांत मी माणसं कोंबली होती, तिथं कामं लिहायला हवी होती. आण्णा लेथवर तयार आणि सीएनसीच्या स्क्रीनवर नवखे. पोरगं ऑफसेटमध्ये पक्कं, पण टूल ग्राइंडिंगला, म्हणजे टूलला धार लावताना, हात थरथरतो. तरी मी त्याला ऑफसेटसुद्धा तासातासाला समजावत होतो आणि ते मुकाट ऐकून घेत होतं. एकच माणूस एका कामात सोपवण्याजोगा असतो, तर दुसऱ्यात हात धरून शिकवण्याजोगा. गंमत म्हणजे ऑडिटसाठी लावलेलं स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं याचा तक्ता, भिंतीवर हेच सांगत होतं. आण्णांचं सीएनसीचं वर्तुळ कोरं होतं. ते ऑडिटर सोडून कुणी वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं.

स्वभावाच्या चाचण्या, 'हा अमुक टाइपचा' असल्या शॉर्टकटवर माझा तेव्हापासून विश्वास नाही. त्यात कामाचा रकानाच नसतो.

आणि तयारी रोज सारखी नसते. पावसाळ्यात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी चाळीस फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की नदीकाठच्या माणसाचं लक्ष मशीनवर राहत नाही. तो आळशी झालेला नसतो, त्याला घरातलं सामान वर चढवायचं असतं. त्या दिवशी त्याला नाजूक सेटिंग देऊ नका, शक्य असेल तर लवकर सोडा.

'त्याला वेगळं, मला वेगळं का?' हे ऐकावं लागेलच. शिफ्टची वेळ, रजा, ओव्हरटाइम सगळ्यांना एकच ठेवा. तिथं वाकलात तर मेलात. शिकवायची पद्धत वेगळी असली तर चार दिवसांत लोकांना कळतं. घाबरू नका, मला तर तीन वर्षं लागली.

मी आता "येतंय का?" विचारत नाही. त्याला सगळे "हो"च म्हणतात. "कुठवर जमतंय?" विचारतो. मागच्या महिन्यात नवं मशीन आलं तेव्हा आण्णा म्हणाले, "चालू-बंद आन् मोजणं जमंल. फुडचं पोराला दावू द्या." पोरगं स्टूल घेऊन त्यांच्याशेजारी बसलं. मी घरी गेलो, जेवलो, आणि रात्री साडेदहाला न राहवून फोन लावलाच.

"झोपा साहेब," आण्णा म्हणाले.