चीनचे सहा ‘महाविभाग’ (१९४९–५४) : लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या नोट्सची एक झेरॉक्स हाती आली होती. त्यात ओळ होती : ‘१९४९ साली नव्या चीनचे सहा प्रांत पाडण्यात आले व १९५४ साली ते रद्द झाले.’ एका ओळीत तीन चुका. ते प्रांत नव्हते. १९४९ संपेपर्यंत सहाच्या सहा उभेही राहिले नव्हते. आणि कुणी नकाशावर पट्टी ठेवून ते ‘पाडले’ असंही नाही. यादवी युद्धात कम्युनिस्टांची जी फौज जिथवर पोचली, तिथला कारभार तिच्या मागोमाग आलेल्या पक्षाच्या माणसांनी हाती घेतला आणि त्यालाच पुढे विभागाचं नाव मिळालं.

चिनी भाषेत या विभागाला थोडक्यात ‘दाछ्यू’ म्हणतात, म्हणजे मोठा विभाग. मी इथे ‘महाविभाग’ म्हणतो. ईशान्य, उत्तर, पूर्व, मध्य-दक्षिण, वायव्य आणि नैर्ऋत्य असे हे सहा. आयुष्य जेमतेम पाच वर्षांचं, पण त्यांच्याबद्दल होणाऱ्या चुका मात्र पन्नास वर्षं टिकणाऱ्या.

‘विभाग’ म्हटलं की महसूल विभाग डोळ्यांसमोर येतो

योगायोग असा की आपल्या महाराष्ट्रातही महसूल विभाग सहाच आहेत. त्यामुळे मराठी वाचक नकळत विभागीय आयुक्ताचं कार्यालय डोळ्यांसमोर आणतो. ती तुलना सोडून द्या. आयुक्त राज्याच्या खाली आणि जिल्ह्यांच्या वर असतो. चीनचा महाविभाग प्रांतांच्या वर होता. मध्य-दक्षिण विभागात हनान, हूपेई, हूनान, जिआंगशी, ग्वांगदोंग आणि ग्वांगशी असे सहा प्रांत येत, म्हणजे हुआंग नदीपासून थेट दक्षिण समुद्रापर्यंतचा पट्टा. त्याचा कारभार वुहानमधून चाले. अर्थ, उद्योग, शिक्षण अशी खाती या पातळीवरही होती.

बरं, मग ही घटकराज्यं होती का? तेही नाही. १६ डिसेंबर १९४९ ला बीजिंगच्या प्रशासन परिषदेने (म्हणजे तेव्हाच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने) जे संघटन-नियम मंजूर केले त्यांत या सरकारांना दोन टोप्या घातल्या आहेत. एक टोपी प्रांतांहून वरच्या पातळीच्या स्थानिक सत्तेची. दुसरी, स्थानिक सरकारांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या प्रतिनिधीची. या दोन टोप्या ध्यानात ठेवल्या तर पुढचा निम्मा गोंधळ आपोआप मिटतो. कुणी ‘चीन तेव्हा संघराज्य होता’ असं लिहितो तेव्हा त्याला पहिलीच टोपी दिसलेली असते; ‘सगळं बीजिंगहूनच हलत होतं’ म्हणणाऱ्याला फक्त दुसरी.

सहाही एकसारखे होते असं धरून चालू नका

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

ईशान्य विभाग, म्हणजे जुना मांचुरिया, कम्युनिस्टांच्या हाती सगळ्यांत आधी आला. २ नोव्हेंबर १९४८ ला शेनयांग पडलं आणि तिथलं युद्ध संपलं. जमीन सुधारणाही तिथे लवकर उरकली. म्हणून ऑगस्ट १९४९ मध्ये, म्हणजे थ्येनआनमेनवरून नव्या राज्याची घोषणा होण्याच्या महिनाभर आधीच, शेनयांगमध्ये ‘ईशान्य लोकसरकार’ उभं राहिलं. अध्यक्ष गाओ गांग. त्याच वर्षी जुलैत ईशान्येने सोव्हिएत संघाशी स्वतःचा व्यापार करारही केला होता. तेव्हा बीजिंगमध्ये केंद्र सरकारच नव्हतं, हे लक्षात घेतलं म्हणजे यात बंडखोरी शोधायची गरज उरत नाही.

ईशान्येचं चलनसुद्धा वेगळं होतं. बाकी चीनमध्ये भाववाढीचा आगडोंब उसळला होता आणि त्याची झळ मांचुरियातल्या कारखान्यांना लागू नये म्हणून तिथल्या नोटा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या होत्या. १ एप्रिल १९५१ पासून त्या मागे घेतल्या गेल्या. दर होता साडेनऊ ईशान्य युआनला एक रेन्मिन्बी, म्हणजे केंद्राच्या चलनातला एक युआन. म्हणजे १९५० साली शेनयांगच्या कामगाराचा पगार आणि शांघायच्या कामगाराचा पगार ‘युआन’मध्ये शेजारी मांडून तुलना करणारा तक्ता दिसला, की तो दोन वेगळ्या नाण्यांची बेरीज करतोय हे ओळखा. असे तक्ते दिसतात, आणि दुरुस्ती सोपी असते : एप्रिल १९५१ पूर्वीचा ईशान्येचा आकडा असेल तर तो कुठल्या चलनात आहे, हे आधी विचारायचं.

दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे परिस्थिती अगदी वेगळी. ग्वांगजौ १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये, चोंगछिंग नोव्हेंबरच्या अखेरीस हाती आलं. डोंगराळ भागात चकमकी चालूच होत्या, जमीन वाटप व्हायचं होतं. तिथे ‘लोकसरकार’ ही पाटी लावणं घाईचं ठरलं असतं. म्हणून पूर्व (शांघाय), मध्य-दक्षिण (वुहान), वायव्य (शीआन) आणि नैर्ऋत्य (चोंगछिंग) या चार ठिकाणी ‘सैनिकी-प्रशासकीय समिती’ आली. पहिल्या तिन्ही १९५० च्या जानेवारी-फेब्रुवारीत, चोंगछिंगची थेट जुलैत. समितीला नुसतं ‘लष्करी राजवट’ म्हणू नका, तसंच ‘लोकसरकार’ही म्हणू नका, कागदावर जी पाटी आहे तीच लिहा.

उत्तर विभागाची गंमत वेगळीच. त्याचं सरकार सप्टेंबर १९४८ मध्येच स्थापन झालं होतं, दोंग बीवू त्याचे अध्यक्ष होते. पण राजधानी बीजिंग त्याच प्रदेशात! मग १९४९ च्या ऑक्टोबरअखेर ते सरकारच विसर्जित करून त्याची खाती केंद्राच्या मंत्रालयांत मिसळली गेली. पुढची काही वर्षं उत्तरेतले प्रांत थेट केंद्राखाली होते आणि तिथे महाविभागाचं सरकार नव्हतंच. त्यामुळे १९५० च्या नकाशावर उत्तर चीनलाही बाकीच्यांसारखीच ठळक चौकट दिसली, तर तो नकाशा १९५३ चा असण्याची शक्यता जास्त, किंवा नकाशा काढणाऱ्याने समतोल दिसावा म्हणून ती काढली असेल.

सरकार, पक्ष की फौज?

‘पूर्व चीन’ हे एकच नाव तीन वेगवेगळ्या यंत्रणांना होतं : सैनिकी-प्रशासकीय समितीला, पक्षाच्या केंद्रीय ब्युरोला आणि लष्करी क्षेत्राला. नावं सारखी, बऱ्याचदा शहरही तेच, कधी कधी माणूसही तोच. त्यातून चुकीची जोडणी होते. नैर्ऋत्येत समितीचे अध्यक्ष होते लिऊ बोचेंग. पक्षाच्या ब्युरोचे पहिले सचिव डेंग झियाओपिंग. ‘डेंग हे नैर्ऋत्य सरकारचे अध्यक्ष’ ही चूक अजूनही छापली जाते.

आणि अध्यक्ष जागेवर होता का, हेही बघा. वायव्येचे अध्यक्ष पेंग देहुआई ऑक्टोबर १९५० मध्ये कोरियाच्या युद्धावर गेले. शीआनचा गाडा मग शी झोंगशून यांनी ओढला, म्हणजे आजच्या शी जिनपिंग यांचे वडील. मध्य-दक्षिणेत लिन बियाओ आजारी असायचे, तिथे देंग झीहुई कारभार पाहत. त्यामुळे १९५१ च्या एखाद्या निर्णयाखाली पेंगचं नाव लिहिण्याआधी थोडं थांबा.

‘गाओ गांग प्रकरणामुळे महाविभाग गेले’

ऐकायला पटणारी गोष्ट, कारण त्यात कटकारस्थान आहे : ईशान्येचे गाओ गांग आणि पूर्व चीनचे राओ शूशी यांच्यावर पक्षात फूट पाडून सत्ता बळकावू पाहिल्याचा ठपका आला होता. तारखा लावून पाहिल्या की ती डळमळते.

१९५२ च्या नोव्हेंबरमध्येच केंद्राने ठरवलं की महाविभागांची सरकारं आणि समित्या बदलून सगळीकडे ‘प्रशासकीय समिती’ करायची. पहिली टोपी काढून घेतली; उरली ती केंद्राच्या प्रतिनिधीची. उत्तर चीनमध्येही आता अशीच समिती होती. म्हणजे नकाशावर सहाही सारखे दिसू लागले ते नेमके त्यांची ताकद गेल्यावर. पहिली पंचवार्षिक योजना १९५३ पासून सुरू व्हायची होती, पोलाद आणि धान्याचे आकडे एका ठिकाणाहून ठरवायचे तर मधली पायरी अडचणीचीच. त्याच सुमारास महाविभागांचे मोठे नेते राजधानीत बोलावले गेले : गाओ गांग, राओ शूशी, देंग झीहुई, डेंग झियाओपिंग, शी झोंगशून. ‘पाच घोडे राजधानीत शिरले’ असं त्याचं चिनी वर्णन आहे आणि त्यात पुढे धावणारा घोडा म्हणजे नव्या राज्य नियोजन आयोगाचे प्रमुख झालेले गाओ गांग. (शी जिनपिंग यांचा जन्म १९५३ साली शीआनऐवजी बीजिंगमध्ये झाला, त्याचं कारण वडिलांची हीच बदली.)

गाओ आणि राओ यांच्यावरचं सावट उघड झालं ते फेब्रुवारी १९५४ च्या केंद्रीय समितीच्या बैठकीत. ‘स्वतंत्र राज्य’ चालवल्याचा ठपका ईशान्येच्या कारभारावर पुढे ठेवला गेला. तेव्हा महाविभाग आधीच सोलून काढलेले होते. प्रकरणाने शेवटचा धक्का सोपा केला, एवढं म्हणता येईल. १९ जून १९५४ ला महाविभाग मोडण्याचा निर्णय झाला. गाओ गांगने ऑगस्टमध्ये आत्महत्या केली. वर्षाअखेर शेवटची समितीही गुंडाळली गेली.

त्या जूनच्या निर्णयातला दुसरा भाग लोक वाचतच नाहीत. ल्याओदोंग आणि ल्याओशी मिळून ल्याओनिंग झालं, सोंगजिआंग हैलोंगजिआंगमध्ये गेलं, निंगशिया गान्सूमध्ये. केंद्राखालची शहरं १४ वरून ३ वर आली. वुहान, ग्वांगजौ, चोंगछिंग, शेनयांग यांसारखी ११ शहरं प्रांतांकडे सोपवली गेली. ‘चोंगछिंग कायमच केंद्रशासित होतं’ असं जिथे लिहिलंय तिथे १९५४ ते १९९७ हा काळ हरवलेला असतो.

एक उपचूक : १९६१ साली पक्षाने पुन्हा सहा विभागीय ब्युरो काढले. ते फक्त पक्षाचे होते, सरकारं परत आली नाहीत. सांस्कृतिक क्रांतीत तेही मोडले.

आजचा नकाशा, कालचं नाव

आजच्या आकडेवारीत जिआंगशी ‘पूर्व चीन’मध्ये मोजलं जातं. तेव्हा ते वुहानच्या हाताखाली, मध्य-दक्षिणेत होतं. १९५० मध्ये जिआंग्सू नावाचा प्रांतच नव्हता. उत्तर आणि दक्षिण जिआंग्सू अशी दोन वेगळी प्रशासनं होती. आन्हुईचंही तसंच, आणि सछ्वानचे तर चार तुकडे. ते १९५२–५३ मध्ये परत जोडले गेले. तेव्हा प्रांतांची संख्या लिहाल तर सोबत वर्ष लिहा. १९५४ च्या विलीनीकरणाआधी अधिकृत यादीत ३० प्रांत होते आणि त्यांत तैवानही धरलेलं होतं.

देवनागरीची स्वतःची एक खोड आहे. ‘शान्शी’ दोन आहेत. एक ताययुआन राजधानी असलेला, उत्तर विभागातला. दुसरा शीआनचा, वायव्येतला. चिनी उच्चारात फरक फक्त सुराचा. रोमन लिपीत दुसऱ्यात जादा ‘ए’ घालून काम भागवलंय, आपल्याकडे ती सोय नाही. राजधानीचं नाव शेजारी लिहा, एवढाच उपाय. हपेई आणि हूपेई, हनान आणि हूनान यांच्या बाबतीतही ‘ह’च्या उकाराकडे डोळेझाक झाली की प्रांत शेकडो किलोमीटर सरकतो.

हे सगळं एका मराठी माणसाच्या बाबतीत फार वेळा चुकतं : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. ‘त्यांनी चीनच्या उत्तर महाविभागात काम केलं’ असं वाक्य वाचलंय. कोटणीस डिसेंबर १९४२ मध्ये वारले, तेव्हा महाविभाग नव्हतेच. ते होते कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या जिन-छा-जी सीमाक्षेत्रात. जिन म्हणजे ताययुआनवालं शान्शी, छा म्हणजे छाहार, जी म्हणजे हपेई. १९४८ साली हे क्षेत्र शेजारच्या दुसऱ्या सीमाक्षेत्रात मिसळून त्यातून उत्तर चीनचं सरकार झालं, आणि ते वर सांगितल्याप्रमाणे केंद्रात विरघळलं. कोटणीसांवर लिहिणाऱ्याने ‘जिन-छा-जी’ हेच नाव ठेवावं. आणि त्यातलं ‘छा’ आजच्या नकाशात सापडलं नाही तर घाबरू नये, छाहार प्रांत १९५२ च्या नोव्हेंबरात मोडला. त्याआधीचा नकाशा उघडला की सापडतो, बीजिंगच्या वायव्येला.