जुन्या कॉमिक्सचा संग्रह करताय? पैसे आणि अंक दोन्ही घालवणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेत १९३८ साली निघालेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. अशी बातमी आली की ठाण्यातल्या ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते: "घरी वेताळाचे तीस-चाळीस अंक पडलेत, किती येतील?" (वेताळ म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला फँटम.) या प्रश्नाला अंकाचं नाव ऐकून उत्तर देताच येत नाही. भाव त्या प्रतीचा असतो. ती पहिली छपाई आहे का, पानं सगळी आहेत का, पिना मूळच्या आहेत का, आणि इतके पावसाळे तिने कुठे काढले, यावर तो ठरतो. हे न बघता फोनवर आकडा सांगणाऱ्याकडून घेऊ नका आणि त्याला विकूही नका.

मी नौपाड्यात राहतो आणि मराठी इंद्रजाल कॉमिक्स वाचतच मोठा झालो. त्यामुळे इथली बहुतेक उदाहरणं आपल्याच मातीतल्या अंकांची आहेत. ठाणे, नवी मुंबईतल्या माणसाच्या हाती प्रत्यक्षात तेच लागतात.

जुनं आहे म्हणजे दुर्मीळ आहे

सगळ्यात महाग पडणारा समज हाच. १९९१ साली अमेरिकेत 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक निघाला, त्याच्या ८० लाखांवर प्रती दुकानांत गेल्या. पुढे भाव येईल म्हणून लोकांनी एकेक अंक पाच-पाच, दहा-दहा घेऊन जपून ठेवला. सगळ्यांनीच जपला, त्यामुळे आजही तो अगदी स्वस्तात मिळतो. तो फुगा फुटला आणि १९९६ च्या अखेरीस 'एक्स-मेन' काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९३८ च्या अंकाचं नेमकं उलट झालं. मुलांनी तो वाचला, फाडला, फेकला. म्हणून उरलेल्या थोड्या प्रतींना एवढी किंमत आहे.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं. पहिल्याच अंकात वेताळ होता. १९९० मध्ये मालिका बंद पडेपर्यंत इंग्रजीत आठशेच्या वर अंक निघाले. यातले साठच्या दशकातले अंक खरोखर कमी दिसतात. ऐंशीच्या दशकातले मात्र रद्दीच्या गठ्ठ्यांत अजून हाताला लागतात, आणि ते 'पस्तीस-चाळीस वर्षं जुने' म्हणून चढ्या भावाने विकले जातात. वय सारखं असलं तरी मागणी सारखी नसते. आबिद सुरतींनी घडवलेला नायक बहादूर १९७६ मध्ये ज्या अंकातून आला, तो अंक लोक मुद्दाम शोधतात. त्याच्या आजूबाजूच्या अंकांकडे तितकं कुणी बघत नाही.

नवखा संग्राहक आणखी एका गोष्टीत अडकतो. इंग्रजी मालिकेचे १२३ आणि १२४ क्रमांकाचे अंक संपामुळे छापलेच गेले नाहीत. यादीतली ती पोकळी भरायची म्हणून त्यांच्या मागे धावू नका, आणि कुणी ते देऊ केले तर तिथूनच मागे फिरा.

छपाई कुठली, हे न बघता घेणं

अमर चित्र कथेत ही चूक सर्रास होते. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका. तिच्या लोकप्रिय अंकांची इतक्या वेळा फेरछपाई झाली आहे की नुसतं शीर्षक आणि चित्र जुळलं याला काही अर्थ उरत नाही. कित्येक प्रतींवर छपाईचं वर्षही नसतं. 'कृष्ण' या अंकाचा मूळ क्रमांक ११ आहे, कारण पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांना गेले होते. हे माहीत नसलेला माणूस ११ बघून अंक खाली ठेवतो, आणि नंतरच्या दशकातली फेरछपाई 'पहिली आवृत्ती' म्हणून घरी आणतो.

ओळखायची सोपी रीत आहे. मलपृष्ठावर किंवा आतल्या कव्हरवर बाकीच्या अंकांची यादी असते, ती वाचा. त्या यादीत उशिरा निघालेल्या अंकांची नावं असतील तर हातातली प्रत त्या अंकांनंतरच छापलेली आहे. यात वादच नाही. मग छापील किंमत बघा, तिच्यावर नवी चिकटपट्टी किंवा शिक्का मारलाय का बघा, प्रकाशकाच्या पत्त्यातला पिनकोड बघा. पिनकोड आपल्याकडे १९७२ पासून आला, तेव्हा सहा आकडी पिनकोड असलेली प्रत साठच्या दशकातली असूच शकत नाही. जाहिरातीही बोलतात, फक्त त्या सावकाश वाचायला हव्यात.

पानं न मोजणं, पिना न बघणं

विकणारा मुखपृष्ठ दाखवतो, आपण मधलं पान उघडायचं. मधलं जोडपान पिनेतून सगळ्यात आधी सुटतं, आणि ते गेलेलं वाचताना नेहमीच लक्षात येतं असं नाही. कूपनं, कोडी, कात्रणं कापून घेतलेली असतात. काळाप्रमाणे पानसंख्या बदलत गेली आहे, म्हणून त्याच सुमाराच्या दुसऱ्या पूर्ण अंकाशी ताडून पाहा.

मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्सचं आणि आतली पानं खरी, असेही अंक फिरतात. पिनेचा गंज याची चुगली करतो. मूळ प्रतीत पिनेभोवतीचा तपकिरी डाग मुखपृष्ठावर आणि आतल्या पानावर एकाच जागी असतो. आतल्या पानाला डाग आहे आणि मुखपृष्ठ त्या जागी स्वच्छ आहे, किंवा एका पिनेजवळ भोकांच्या दोन जोड्या आहेत, तर अंक उघडून पुन्हा जोडलेला आहे. भिंगही जवळ ठेवा. जुन्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके कागदात मुरलेले दिसतात. झेरॉक्सची शाई कागदावर बसलेली असते आणि तिरपं धरलं की चकाकते.

बाइंड केलेल्या खंडांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वाचायला घ्यायचे असतील तर त्यांच्यासारखं सुख नाही, गुंतवणूक म्हणून मात्र घेऊ नयेत. पूर्वी घराघरांत आणि सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत इंद्रजाल, चांदोबा यांचे दहा-दहा अंक एकत्र शिवायची पद्धत होती. बाइंडर तीन बाजूंनी कडा छाटतो, पिना काढतो, कधी मुखपृष्ठंही टाकून देतो. खंड सोडवला तरी छाटलेली कड परत येत नाही. लायब्ररीचा शिक्का असेल तर ती प्रत त्यांनी रीतसर काढून टाकली होती का, तेही विचारा. सार्वजनिक वाचनालयातून गेलेलं पुस्तक संग्रहात ठेवणं मला तरी पटत नाही.

मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे

अमेरिकन कॉमिक्ससाठी १९७० पासून दरवर्षी निघणारी ओव्हरस्ट्रीटची किंमत-पुस्तिका आहे, लिलावांची नोंद आहे. मराठी इंद्रजालसाठी असं सर्वमान्य काही नाही. त्यामुळे ऑनलाइन दिसलेला आकडा हा फक्त कुणाची तरी अपेक्षा असते. तोच अंक तिथे महिनोन्‌महिने तसाच पडून असेल, तर तो भाव कुणालाच मान्य नाही असं समजा. प्रत्यक्ष विकला गेलेला अंक आणि त्याची अवस्था, एवढंच वहीत टिपत चला. वर्षभरात तुमची स्वतःची पुस्तिका तयार होईल.

व्हॉट्सॅपवर आगाऊ पैसे पाठवण्याआधी चार फोटो मागा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मधलं जोडपान पिनांसकट, आणि अंकाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. शेवटच्या फोटोला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे अंक नाहीच असं धरून चाला. आणि ठाणे स्टेशनच्या पुलावर उभ्या उभ्या व्यवहार करू नका. गर्दीत, अर्धवट उजेडात, लोकल पकडायच्या घाईत कुणी पानं मोजत नाही. तलावपाळीच्या बाकावर दिवसाउजेडी भेटायला सांगा. प्रामाणिक माणूस येतो.

फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळचे किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते आता काय ते सगळं ओळखून आहेत. तिथे घबाड मिळेल अशी आशा धरून जाण्यापेक्षा अंक हाताळायला, कागद ओळखायला जा.

ठाण्याच्या हवेत अंक ठेवणं

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडे चोरीपेक्षा दमटपणाने जास्त अंक जातात. पावसाळ्यात ठाणे, वाशी, बेलापूरची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. कागदाला चाळीस ते पन्नास टक्के मानवते. कॉमिक्सचा कागद मुळातच हलका, लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे तो पिवळा पडतो आणि आम्लामुळे ठिसूळ होतो. त्यात ओल मिळाली की बुरशी आणि कसर आलीच.

काही सवयी आपण चांगल्या हेतूने पाळतो, पण त्याच अंकांच्या मुळावर येतात. गोधड्यांसारखं पुस्तकांना ऊन दाखवायची सवय त्यातलीच. उन्हाने रंग उडतात आणि कागद आणखी पिवळा पडतो. शाळेच्या सवयीने खाकी कव्हर घालतात. तो कागद आणि त्यावरचा डिंक दोन्ही अंकाला डाग देतात. पानांत कडुलिंबाचा पाला ठेवला तर त्याचा ठसा कायमचा उमटतो. डांबराच्या गोळ्यांचा वास कागदात मुरतो आणि प्लास्टिकवरही परिणाम होतो. लॅमिनेशन मात्र या सगळ्यांच्या वरचं. ते केलं की संग्राहकाच्या दृष्टीने तो अंक संपला.

करायचं ते असं. प्रत्येक अंक पीपीच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा लावून ठेवा. पॅकिंगच्या दुकानात 'पीपी' असं स्पष्ट मागा. वास येणारी, मऊ, बोटाला चिकटणारी पिशवी पीव्हीसीची असते, तिने शाई ओढली जाते. अंक खोक्यात उभे ठेवा, पण कलंडतील इतके सैल नकोत.

खोकं कुठे ठेवता तेही तितकंच महत्त्वाचं. पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी भिंत नको. वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचा माळा नको. तळमजल्यावर असाल तर खालचा कप्पा नको; २६ जुलै २००५ चा महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको. लोखंडी कपाट वाळवीपासून वाचवतं, पण भिंतीला चिकटवू नका, मागे हवा खेळू द्या. आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. सिलिका जेल नारिंगी दाण्यांची घ्या. निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं, ते घरात तापवत बसायला नको. रंग बदलला की दाणे पुन्हा सुकवावे लागतात, हे विसरून लोक वर्षानुवर्षं मेलेल्या पुड्या कपाटात ठेवतात. हवाबंद डबा वापरायचा तर तो जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत बंद करा. जुलैत बंद केलात तर जुलैची ओलच आत कोंडली जाईल.

बिघडलंच तर

अंक भिजला तर पानं सोडवायची घाई करू नका, ओलं पान लगेच फाटतं. वरचं पाणी टिपा, पानं आपोआप सुटतील तिथेच कोरा टिपकागद घाला, पंख्याखाली सावलीत ठेवा आणि टिपकागद बदलत राहा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते. हेअर ड्रायर नको, इस्त्री तर नकोच. एकदम पुष्कळ अंक भिजले असतील तर सुटे सुटे पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि थोडे थोडे काढून वाळवा. तेवढ्यात बुरशी धरत नाही.

बुरशी दिसली तर तो अंक आधी बाकीच्यांपासून वेगळा करा. पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून, गॅलरीत, मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलं की ती कागदात शिरते. कसर असेल तर अंक पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर कागदावर दव धरतं.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा डिंक आरपार झिरपतो. आधीच लावलेली असेल तर ओढू नका. गंजलेल्या पिनांबद्दल संग्राहकांत दोन मतं आहेत. माझं मत असं की गंज पसरत नसेल तर त्यांना हात लावू नये, कारण नवी चकचकीत पीन बघून घेणाऱ्याला संशयच येतो.

गुंतवणूक म्हणून

घराच्या हप्त्याचे, मुलांच्या शिक्षणाचे पैसे यात घालू नका. सोनं जांभळी नाक्यावर तासाभरात मोडता येतं, दुर्मीळ अंकाला योग्य गिऱ्हाईक मिळायला वर्ष लागू शकतं. मराठी अंक घेणारा बहुधा मराठी वाचणाराच असतो आणि त्या काळात वाढलेली पिढी आता साठीच्या आसपास आहे. इंग्रजी इंद्रजालला ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनमधले वेताळप्रेमीही मिळू शकतात, कारण तिथे वेताळ दशकानुदशकं लोकप्रिय आहे. तरीही मी मराठीच जमवतो आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यालाही तेच सांगतो. ज्या अंकाची भाषा, छपाई, जाहिराती आपल्याला आतून कळतात, त्यातच आपण फसत नाही.

अंक अमेरिकेत पाठवून श्रेणी लावून घ्यावी का, असंही विचारतात. सीजीसीसारख्या संस्था अंक तपासून दहापैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. महागड्या अमेरिकन अंकाला त्याचा उपयोग होतो. बहुतेक इंद्रजाल अंकांच्या बाबतीत पाठवण्या-आणण्याचा खर्च आणि जोखीम यांतच नफा जातो.

संग्रहाची यादी मात्र आजच करा: अंक, भाषा, छपाई, अवस्था, किती दिले, कुणाकडून घेतला. तिची एक प्रत घरच्यांना दाखवून ठेवा आणि अंक कुणाला विकावेत किंवा द्यावेत, ती दोन-तीन नावंही खाली लिहा. ठाण्यात सध्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत, महिन्याभरात घर रिकामं करावं लागतं, आणि माळ्यावरच्या पेटीत काय आहे हे एकट्या संग्राहकालाच माहीत असेल तर ती किलोच्या भावाने जाते.