आधी भावकी लिहा, मग बोटांना शाई लावा

सातारा-सांगलीकडच्या गावात बोटांच्या ठशांवरून आणि डीएनएवरून लोकसमूहांच्या विविधतेचा अभ्यास करायचा तर पहिलं काम वंशावळीचं. एका गल्लीत बऱ्याचदा एकच भावकी नांदते. तिथले पन्नास ठसे घेतले तर अभ्यास गावाचा न होता एका घराण्याचा होतो. मूळ गाव, आईचं आणि आजीचं माहेर, मामाच्या मुलीशी झालेली लग्नं विचारून तीन पिढ्या लिहा आणि जवळच्या नात्यातला एकच माणूस निवडा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून भावकीतल्या पुरुषांत ते जवळपास सारखंच सापडतं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो आणि सुना परगावच्या असतात, त्यामुळे माहेराची नोंद करायची राहून गेली तर निम्मी माहिती हरवते.

कोऱ्या कागदावर अंगठा कधीच घेऊ नका. अंगठा म्हटलं की लोकांना जमिनीचा, कर्जाचा कागद आठवतो आणि ती भीती रास्त आहे. ठसे घ्यायच्या तक्त्यावर अभ्यासाचा हेतू ठळक छापा, संमतीपत्र वाचून दाखवा, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घाला.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. काचेवर छपाईची काळी शाई थोडीशी घेऊन रबरी रोलरने अगदी पातळ पसरवा. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवा: अंगठा अंगाकडे, बाकीची बोटं अंगापासून दूर. शाई जास्त झाली की रेघांमधल्या खाचा बुजतात. बोट मागे फिरवलं की ठसा दुहेरी उठतो. ऊसतोड, गवंडीकाम करणाऱ्यांच्या रेघा झिजलेल्या असतात. तिथे शाई आणखी कमी, दाबही हलका.

भिंगाखाली त्रिसंगम शोधा, म्हणजे तीन दिशांच्या रेघा भेटतात ती जागा. साध्या कमानीत (रेघा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला जातात) तो नसतो, लूपमध्ये (रेघा वळून आल्या त्याच बाजूला परततात) एक, चक्रात (रेघा गोल फिरतात) सहसा दोन. त्रिसंगमापासून नक्षीच्या केंद्रापर्यंत सरळ रेषा धरून तिला छेदणाऱ्या रेघा मोजा, दोन्ही टोकं सोडून. चक्रात मोठा आकडा घ्या, कमानीला शून्य. दहा बोटांची बेरीज म्हणजे एकूण रेघसंख्या. दोघांनी वेगवेगळं मोजून ताळा घ्या. समूहातल्या चक्रांच्या संख्येला लूपांच्या संख्येने भागून 100 ने गुणलं की फुरुहाता निर्देशांक मिळतो, म्हणजे लूपांच्या तुलनेत चक्रं किती ते कळतं.

रेघा गर्भातच ठरतात, पण तिथल्या परिस्थितीचाही त्यात वाटा असतो. जुळ्यांचे ठसेसुद्धा एक नसतात. त्यामुळे एका ठशावरून कुणाची जात किंवा मूळ सांगता येत नाही. तुलना करायची ती समूहांच्या प्रमाणांची, आणि जोडीला डीएनए हवाच.

त्यासाठी गालाच्या आतून कापसाची काडी प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट फिरवा. मिश्री किंवा तंबाखू लावली असेल तर आधी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगून अर्धा तास थांबा. काडी पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवा; प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी नमुना खाते.